मदतनिधीच्या मैफलीला मंडळी घेऊन जाताना

पावसाळा ओसरला की नाट्यगृहांच्या दारांवर मदतनिधीच्या कार्यक्रमांचे फलक चढू लागतात. कुठे रुग्णालयासाठी, कुठे पूरग्रस्तांसाठी, कुठे एखाद्या आश्रमशाळेच्या छपरासाठी. या महिन्याच्या टपालात याच विषयावरची बरीच पत्रं आली. लिहिणारे बहुतेक कुठल्या ना कुठल्या चाहत्यांच्या गटातले आहेत. एकट्यानं जाणाऱ्याला फारसे प्रश्न पडत नाहीत. तीसजणांची मोट बांधणाऱ्याला ते पडतात.

प्रश्न : जुन्या मराठी-हिंदी गाण्यांच्या चाहत्यांचा आमचा व्हॉट्सॲप गट आहे. शीवच्या षण्मुखानंद सभागृहात मदतनिधीचा कार्यक्रम आहे आणि आमच्यातले ३२ जण यायचं म्हणताहेत. सगळ्यांना जवळजवळ बसायचंय. तिकिटं कशी काढावीत, पैसे कसे गोळा करावेत? — वाचक, डोंबिवली

उत्तर : गटात ‘मी येणार’ म्हणून अंगठा दाखवणारे आणि पैसे भरणारे यांत तफावत असतेच. म्हणून आधी पैसे, मग यादीत नाव. पैसे भरायला तारीख आणि वेळ दोन्ही द्या (‘शनिवारी रात्री ९ पर्यंत’), आणि ती उलटली की यादी बंद करा. एकाच माणसाच्या खात्यात यूपीआयनं पैसे घ्या. पाठवणाऱ्यानं शेऱ्यात स्वतःचं नाव आणि तिकिटांची संख्या लिहायची, उदाहरणार्थ ‘जोशी ३’. हे लिहिलं नाही तर मुलाच्या किंवा सुनेच्या खात्यातून आलेले पैसे कुणाचे, हे शोधण्यात संध्याकाळ जाते. वहीत चारच रकाने पुरतात : नाव, तिकिटं, रक्कम, खुर्ची क्रमांक. शिवाय तीन-चार जणांची प्रतीक्षायादी ठेवा. ऐनवेळी कुणी गळलं तर पैसे परत करायचे नाहीत, जागा प्रतीक्षायादीतल्याला द्यायची आणि पैसे त्या दोघांनी आपसांत मिटवायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. नंतर सांगितला की भांडण होतं.

जागांचं म्हणाल तर ३२ जणांची एक सलग रांग मागू नका. ती मधल्या वाटांमुळे तुटते, आणि मध्यंतरात एक जण उठला की पंधरा जणांना पाय आवळावे लागतात. एकामागे एक चार रांगा आणि प्रत्येक रांगेत आठ खुर्च्या, असा चौकोन मागा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना वाटेकडेच्या खुर्च्या द्या. बहुतेक ॲपवर एका वेळी दहाच तिकिटं निघतात, त्यामुळे तिघांनी तीन फोनवर बसून चौकोन जुळवण्याचा खटाटोप करावा लागतो आणि तोवर मधल्या चार खुर्च्या कुणीतरी उचलतो. त्यापेक्षा प्लॅन (आगाऊ तिकीटविक्री) उघडण्याआधी आयोजकांना फोन करा. मदतनिधीचे आयोजक गटासाठी जागा राखून द्यायला सहसा तयार असतात, कारण एकगठ्ठा विक्री त्यांनाही हवी असते. ॲपवर लागणारं सुविधा शुल्कही त्यात वाचतं. ते तसंही मदतनिधीत जात नाही.

कुठे बसावं, याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट आहे. पहिल्या दोन-तीन रांगा देणगीदारांसाठी राखलेल्या असतात आणि ऐकण्यासाठी त्या काही फार चांगल्या नसतात. मुख्य स्पीकर कडेला किंवा उंचावर टांगलेले असतात. समोर बसलेल्याला त्यांच्यापेक्षा मंचावरचे ढोलक, ड्रम आणि कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले मॉनिटर स्पीकर जास्त ऐकू येतात, गाणाऱ्याचे शब्द कमी. बाल्कनीच्या खालच्या शेवटच्या रांगांत छत डोक्यावर येतं आणि आवाज दबतो. प्रेक्षागृहात मधोमध किंवा जरा मागे साउंडवाल्याचा मिक्सर मांडलेला असतो. तो आपल्या कानाला जे ऐकू येतं त्यावरूनच सगळं बसवतो. म्हणून त्याच्या पुढच्या चार-पाच रांगा ऐकण्यासाठी सर्वांत चांगल्या. त्या मिळाल्या नाहीत तर पहिल्या बाल्कनीची पुढची रांग घ्या. स्वस्त असते आणि मंच पूर्ण दिसतो.

तिकिटाचा क्यूआर कोड ज्याचा त्याला आधीच पाठवा. ३२ जणांचे कोड एकाच्याच फोनमध्ये राहिले की तो दारात अडकतो आणि उशिरा येणारे त्याच्या नावानं बाहेर उभे राहतात. आणि डोंबिवलीहून निघणार असाल तर शीव किंवा माटुंग्याला जलद लोकल थांबत नाही. जलद पकडलीत तर कुर्ल्याला किंवा दादरला धीमी घ्यावी लागेल. कार्यक्रम रविवारी असेल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून गटावर टाका.

प्रश्न : देणगी प्रवेशिका १००० रुपयांची आहे. आयकरात ८०जी या कलमाखाली देणगीची सवलत मिळेल का? आयोजक ‘हो’ म्हणतात. — वाचक, पुणे

उत्तर : प्रवेशिकेच्या रकमेवर मिळेल असं धरून चालू नका. देणगी म्हणजे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता दिलेली रक्कम. तुम्हाला त्या पैशांत खुर्ची आणि तीन तासांची मैफल मिळते आहे, म्हणजे मोबदला आला. सवलत हवी असेल तर सरळ मार्ग असा : तिकिटाचे पैसे तिकिटाचे म्हणून द्या आणि वरची देणगी वेगळी, संस्थेच्या खात्यात, वेगळ्या पावतीवर द्या. ती रोख देणार असाल तर २००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला वजावट मिळत नाही. धनादेश किंवा ऑनलाइन उत्तम. पावतीवर तुमचा पॅन, संस्थेचा पॅन आणि ८०जीचा नोंदणी क्रमांक हवा.

नुसती छापील पावती आता पुरत नाही. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून संस्थेला देणगीदारांची यादी १०बीडी या फॉर्मवर आयकर खात्याला द्यावी लागते आणि त्यातून निघणारं १०बीई हे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावं लागतं. यादीत तुमचा पॅन चुकला की वजावट अडते, आणि जून-जुलैत विवरणपत्र भरताना ते लक्षात येतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे पावतीवर काय छापलंय ते त्या वर्षीच्या नियमांशी ताडून बघा. आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मुळात मिळतच नाही. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी अनेकांना हे शेवटचं ठाऊक नसतं.

प्रश्न : मदतनिधीची तिकिटं हटकून ५०० किंवा ४९९ चीच का असतात? — वाचक, ठाणे

उत्तर : वस्तू आणि सेवा करामुळे. नाटक, नृत्य, संगीत कार्यक्रम यांचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. ५०० च्या वर गेलं की १८ टक्के. ही मर्यादा आधी २५० होती, जानेवारी २०१८ मध्ये ती ५०० झाली. म्हणजे ६०० चं तिकीट तुम्हाला ७०८ ला पडतं आणि वरचे १०८ सरकारजमा होतात. कर लावला असेल तर तिकिटावर आयोजकांचा जीएसटी क्रमांक असायला हवा. क्रमांक नाही आणि ‘अधिक कर’ मात्र घेताहेत, असं दिसलं तर विचारा.

प्रश्न : आमच्या भागात दर आठवड्याला कुठला तरी मदतनिधीचा कार्यक्रम असतो. पैसे खरोखर पोचतात का, हे आमच्यासारख्या श्रोत्यांनी कसं ओळखायचं? — वाचक, कोल्हापूर

उत्तर : जाहिरात नीट वाचण्यापासून सुरुवात करा. ‘कार्यक्रमाचे संपूर्ण उत्पन्न’ असं लिहिलंय की ‘खर्च वजा जाता उरलेली रक्कम’? दुसरं लिहिणारा आयोजक पहिल्यापेक्षा प्रामाणिक असण्याचीच शक्यता अधिक, कारण खर्च नसलेला कार्यक्रम नसतो. ‘संपूर्ण’ लिहिलं असेल तर खर्च कोण करतंय, म्हणजे प्रायोजक कोण, हे त्याच फलकावर असायला हवं.

आकडे मांडून बघा. समजा, नाट्यगृहात ९०० खुर्च्या आहेत. १०० सन्मानिका (फुकट पास) गेल्या. उरलेल्या ८०० तिकिटं ५०० प्रमाणे सगळी खपली तर ४ लाख झाले. त्यातून नाट्यगृहाचं भाडं, साउंड आणि लाइट, आठ-दहा वादकांचं मानधन, तालमींची जागा, फलक-जाहिराती, गाण्यांच्या हक्कांचा परवाना, चहा-नाश्ता, ॲपचा हिस्सा हे जायचं. हे सगळं अडीच लाखांत बसलं तर दीड लाख उरले. एवढा मोठा हॉल भरून एवढंच? हो. म्हणून जाणते आयोजक तिकिटांवर फारसे विसंबत नाहीत. ते स्मरणिका काढतात. त्याच उदाहरणात ५००० रुपयांच्या ४० जाहिराती मिळाल्या तर २ लाख, छपाईचे ४० हजार वजा करून १ लाख ६० हजार. तिकिटांपेक्षा जास्त. तुमच्या गटात कुणाचं दुकान, दवाखाना, शिकवणी असेल तर स्मरणिकेतली पाव पानाची जाहिरात ही दोन जादा तिकिटांपेक्षा मोठी मदत ठरते.

‘गायक मानधन न घेता गाणार आहेत’ हे वाचून अनेकांना वाटतं, वाद्यवृंदही फुकट वाजवतोय. तसं नसतं आणि असूही नये. नामवंत गायकाला एक संध्याकाळ सोडणं परवडतं; ढोलकीवाल्याचं आणि कीबोर्डवाल्याचं घर त्या संध्याकाळींवरच चालतं.

आता संस्थेची तपासणी. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. धर्मादाय न्यासाच्या क्रमांकाच्या सुरुवातीला ‘ई’, संस्था नोंदणी कायद्याखालच्या संस्थेच्या ‘एफ’ आणि पुढे जिल्हा, असं साधारण स्वरूप असतं. हा क्रमांक फलकावर किंवा पावतीवर नसेल तर मागा. देताना खळखळ केली तर तिथेच थांबा. नोंदलेली संस्था नसून एखादं मंडळ किंवा मित्रांचा गट वर्गणी गोळा करत असेल तर त्यांनाही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-कखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं काढतात तीच ही. तिसरी खूण तुमच्या फोनमध्येच दिसते : क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे भरण्याआधी खातेदाराचं नाव येतं. तिथे न्यासाचं नाव हवं. ‘सध्या माझ्या खात्यावर पाठवा, नंतर भरतो’ हे वाक्य सज्जन माणूसही बोलतो, पण त्याचा हिशेब लागत नाही.

एका रुग्णासाठी कार्यक्रम असेल तर पैसे कुटुंबाच्या हातात पडण्याऐवजी रुग्णालयात त्या रुग्णाच्या नावे जमा होतात का, ते विचारा. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. खर्चाचा अंदाज, आधीच आलेली मदत आणि अजून किती लागणार, हे त्यांना माहीत असतं. हे न विचारल्यामुळे कधी एकाच शस्त्रक्रियेसाठी तीन कार्यक्रम होतात आणि पुढच्या औषधपाण्यासाठी एकही होत नाही.

मंचावर दिला जाणारा तो दरवाजाएवढा पुठ्ठ्याचा धनादेश फोटोपुरता असतो. खरी रक्कम अनेकदा नंतर वळती होते, कारण जाहिरातदारांचे पैसे यायचे असतात. त्यात गैर काही नाही. पण महिना-दीड महिन्यानं आयोजकांना दोन ओळींचा संदेश पाठवा : एकूण जमा किती, खर्च किती, संस्थेला कुठल्या तारखेला किती पोचले. ज्यांचा हिशेब स्वच्छ असतो ते ताळेबंदाचा कागदच पाठवतात.

कागदपत्रं आधी न केल्यानं काय होतं, याचं मोठं उदाहरण जगजाहीर आहे. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. एकाच दिवशी दोन प्रयोग, आणि तिकिटांचे जवळजवळ अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. पण पुढे निघालेल्या ध्वनिमुद्रिकेचं उत्पन्न अमेरिकेच्या करखात्यात कित्येक वर्षं अडकून पडलं, कारण करसवलतीची व्यवस्था कार्यक्रमाआधी केलेली नव्हती. हेतू निर्मळ होता, कलाकार जगातले पहिल्या फळीतले होते, तरीही निर्वासितांना तातडीनं हवे असलेले पैसे वेळेवर पोचले नाहीत.

प्रश्न : आपल्याकडे निधीसाठी संगीताचे प्रयोग करण्याची पद्धत कधीपासूनची? — वाचक, सांगली

उत्तर : संगीत नाटक मंडळ्यांच्या काळातली, असं म्हणता येईल. सर्वांत गाजलेला प्रयोग ‘संयुक्त मानापमान’चा : ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी मंडळ्या. बालगंधर्व नायिका भामिनी आणि केशवराव भोसले नायक धैर्यधर. दोन्हीकडचे चाहते तोवर एकमेकांना पाण्यात पाहायचे, ते एका छताखाली बसले. मूळ नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, १९११ चं. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. निधीसाठी दोन गटांना एकत्र आणण्याची ती युक्ती आजही चालते. दोन गायकांचे चाहते स्वतंत्रपणे एकेक हॉल अर्धा भरण्यापेक्षा एकत्र येऊन एक हॉल पूर्ण भरला तर भाडं एकदाच पडतं.

प्रश्न : आमचे काही सभासद सगळा कार्यक्रम मोबाइलवर घेतात, फेसबुकवर लाइव्ह करतात. काहींना फर्माईश केल्याशिवाय राहवत नाही. आयोजकांनी यंदा नाराजी कळवली आहे. काय बरोबर? — वाचक, नाशिक

उत्तर : नाराजी रास्त आहे. लाइव्ह करू नका. गाण्यांचे हक्क आणि सादर करणाऱ्या कलाकारांचे हक्क दोन्ही त्यात येतात, आणि कधी कधी आयोजक ऑनलाइन प्रवेशिकाही विकत असतात. तुमच्या फुकटच्या प्रक्षेपणानं थेट मदतनिधीलाच चाट बसते. आठवण म्हणून अर्धा मिनिट घेतलात तर सहसा कुणी हटकत नाही, पण निवेदकानं मना केलं असेल तर तेही नको. फ्लॅश बंद, पडद्याचा उजेड सगळ्यात कमी, आणि फोन डोळ्यांच्या रेषेच्या वर नाही. मागच्याला गायकाऐवजी तुमचा पडदा दिसतो.

फर्माईश जरूर करा, पण आठ-दहा दिवस आधी, आयोजकांमार्फत. गाणं बसवायचं म्हणजे पट्टी ठरवायची, मधल्या संगीताचे तुकडे वादकांत वाटायचे, गायिका असेल तर सहगायकाची पट्टी जुळवायची. ऐन कार्यक्रमात मंचावर चिठ्ठी गेली की निवेदकाला एकतर ती डावलावी लागते किंवा न बसवलेलं गाणं कसंबसं उरकावं लागतं. ‘वन्स मोअर’ची गोष्ट वेगळी. ते गाणं बसलेलंच असतं. तरी तो दुसऱ्या अंकात जपून द्या. नाट्यगृह पुढच्या प्रयोगासाठी ठरल्या वेळी रिकामं करावं लागतं, आणि वाढलेला वेळ शेवटच्या दोन गाण्यांवर निघतो.

ठेक्यावर टाळ्या देण्याबद्दल. मोठ्या सभागृहात मागच्या रांगांनी हा मोह आवरावा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून ३४ मीटरवर बसलेल्याला ठेका सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो, त्यावर वाजवलेली टाळी मंचावर पोचायला तेवढाच वेळ. म्हणजे वादकांच्या कानावर ती सेकंदाच्या पाचव्या भागानं मागे पडते. जलद केरव्यात तबलजीला हा छळच. गायक स्वतः हातानं खूण करून टाळ्या मागतो तेव्हा ठेका संथ असतो किंवा वादकांनी कानात मॉनिटर घातलेले असतात. तेव्हा खुशाल वाजवा.

पुष्पगुच्छांचाही शिरस्ता बंद करता येईल. गटानं एक मोठा गुच्छ नेण्याऐवजी त्याचे पैसे निधीत भरून कागदावर तसं लिहून द्यावं; निवेदक आनंदानं वाचून दाखवतो आणि सत्काराचा वेळही वाचतो.

प्रश्न : आईला चाकाची खुर्ची लागते आणि नातू सहा वर्षांचा आहे. दोघांना नेता येईल का? — वाचक, सातारा

उत्तर : आईसाठी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना फोन करा, आयोजकांना नाही, उतार कुठल्या दारानं आहे, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, चाकाची खुर्ची रांगेच्या कडेला ठेवू देतात का, हे त्यांनाच ठाऊक असतं. अनेक जुन्या नाट्यगृहांत बाल्कनीला लिफ्ट नाही. पहिली घंटा होण्याआधी पंधरा मिनिटं आत बसा आणि मध्यंतरात गर्दी ओसरू द्या. नातवाला स्पीकरसमोर बसवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, तीही मोठ्यांना डोळ्यासमोर ठेवून. मुलांसाठी कानावर बसणारे आवाजरोधक मिळतात, ते घ्या. कापसाच्या बोळ्यांनी फारसा उपयोग होत नाही. मुलाचं तिकीट किती वर्षांपासून लागतं, हे प्रवेशिकेच्या मागे छापलेलं असतं.

प्रश्न : भाऊ गावातल्या एका न्यासाच्या मदतनिधीची तिकिटं खपवतोय. त्याला मदत म्हणून २० तिकिटांचे पैसे इथून न्यासाला पाठवायचे आहेत. मी अमेरिकी नागरिक आहे, पती अजून भारतीय नागरिक आहेत. कुणी पाठवलेले बरे? — वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पतींनी. परदेशी नागरिकानं भारतातल्या संस्थेला दिलेले पैसे विदेशी योगदान ठरतात, मग तुमच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड असलं तरी. ते घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायद्याखालची) नोंदणी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात. गावातल्या छोट्या न्यासाकडे हे नसतं, आणि तुमच्या सद्भावनेपायी तो अडचणीत येतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयानं आपल्या कमाईतून, बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी योगदानात मोजत नाहीत.

तुमच्याकडच्या मंडळाच्या निधी-कार्यक्रमांना जाता तेव्हा अमेरिकी नियम लक्षात ठेवा : तिकिटाच्या किमतीतून जेवण-कार्यक्रमाचं बाजारमूल्य वजा करून उरलेली रक्कमच देणगी धरली जाते. भरलेली एकूण रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर संस्थेनं ही फोड लेखी द्यायची असते. ही फोड आपल्याकडच्या आयोजकांनीही स्वतःहून द्यायला हरकत नसावी.

प्रश्न : तिकिटं घेतली, पण सहा जणांना जमत नाहीये. ‘पैसे तर गेलेच निधीला’ म्हणून तशीच सोडावीत का? — वाचक, वसई

उत्तर : नका सोडू. निधीला पैसे मिळाले हे खरं, पण रिकाम्या रांगेसमोर गाणं कलाकाराला जड जातं आणि पुढच्या वर्षी तोच कलाकार तारीख देताना विचार करतो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत आयोजकांना खुर्ची क्रमांक कळवा. संगीत विद्यालयातली मुलं, रुग्णालयातल्या परिचारिका, संस्थेचे कार्यकर्ते यांना त्या जागा देता येतात. दारावर कुणाला विकायची वेळ आली तर छापील किमतीलाच.

प्रश्न : ऐकून ऐकून आमच्याच गटाला हुरूप आला आहे. २०० जणांच्या छोट्या सभागृहात कराओकेवर मदतनिधीचा कार्यक्रम करायचा आहे. आम्ही सगळे हौशी, पैसे घेणार नाही. परवाने लागतील का? — वाचक, चिंचवड

उत्तर : लागतील. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना सूट आहे, पण ती श्रोत्यांकडून पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेल्या सादरीकरणाला. तिकीट लावलंत की सामाजिक काम असलं तरी सूट गेली. गाणारे मानधन घेतात की नाही, याचा इथे संबंध नाही. गीत-संगीताच्या सादरीकरणासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचा परवाना लागतो. कराओके ट्रॅक हे ध्वनिमुद्रण असल्यामुळे त्याचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांचीही परवानगी लागते. अनेक कंपन्यांच्या बाबतीत ते पीपीएल या ध्वनिमुद्रणांचे परवाने देणाऱ्या संस्थेकडे असतात. शुल्क सभागृहाची क्षमता आणि तिकीट दर यांवर ठरतं, म्हणून तिकीट छापण्याआधी अर्ज करा आणि मदतनिधीचा उल्लेख करून सवलत मागून बघा.

बंद सभागृह निवडलंत हे बरं केलंत. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार १२ पर्यंत मुभा देतं, ते बहुतेक सणावारी जातात. गायक १५ पेक्षा जास्त नकोत आणि प्रत्येकाला एकच गाणं. हौशी कार्यक्रम लांबतात ते इथेच : एका गाण्याची पाच मिनिटं, निवेदनाचं एक, माइक हातातून हातात जायला आणि ट्रॅक शोधायला आणखी एक. २० गाणी झाली की २ तास २० मिनिटं गेली, त्यात मध्यंतर आणि संस्थेची माहिती अजून यायचीच आहे. ट्रॅक क्रमानं एकाच लॅपटॉपवर उतरवून ठेवा, प्रत्येकाची पट्टी फाइलच्या नावातच लिहा, इंटरनेटवरून वाजवू नका. संस्थेचं बोलणं मध्यंतराच्या आधी ठेवा आणि देणगीची पेटी व क्यूआर कोड चहाच्या टेबलाशेजारी. मध्यंतरानंतर ठेवलंत तर शेवटची बस गाठणारे तोवर निघून गेलेले असतात.